भिवराबाईचा घण

“विस्तवाला वारा मी घालायचा, धन्याला वारा मी घालायचा, आला-गेला पाव्हणा ओट्यावर टेकला की त्यालाबी मीच घालायचा. आन मला मेलीला वारा कोण घालणार, यम?”

बोदरखेड्याच्या लोहारसाळेत भात्यामागून हे शब्द आले. बोलणारीला वाटले, भात्याच्या घरघरीत ते विरून जातील. पण भिंतीपलीकडच्या ओट्यावर ओंजळ महाराज बसले होते, आणि महाराजांच्या कानांची एक गंमत होती. चावडीवरची भांडणे त्यांना ऐकू येत नसत. कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटले की मात्र नेमके ऐकू येई.

महाराज भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “यमाला कशाला त्रास? मी घालतो की.”

भाता एकदम थांबला. भिवराबाई पदर सावरत दारात आली. कपाळावर घाम, घामावर राख.

“तसं न्हाई महाराज,” ती चाचरत म्हणाली. “म्या आपली भात्याशी बोलत हुते.”

“मग त्यालाच बोलू दे. आम्ही ऐकत बसतो.”

तिला हसू आले, पण ते ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबले. महाराजांनी ते पाहिले.

हे महाराज काळगंगेच्या काठच्या बोदरखेड्यात कुठून आले, कधी आले, कोणाला नीट सांगता येत नसे. अंगावर एक घोंगडी, बाकी काही नाही. भिक्षेला झोळी नाही, कटोरा नाही. दारात उभे राहायचे, दोन्ही हात पुढे करायचे आणि ओंजळीत मावेल तेवढेच पीठ घ्यायचे, तेही दिवसातून एकाच घरी. म्हणून नाव पडले ओंजळ महाराज. मोठमोठ्या घरांनी त्यांच्यासाठी ओसऱ्या सारवून ठेवल्या होत्या. महाराज बसत ते लोहाराच्या ओट्यावर, जिथे ठिणग्या उडून त्यांच्या घोंगडीची चाळण झाली होती. कोणी विचारले तर म्हणत, “इथं ऊब आहे.” वैशाखातही हेच सांगत.

भिवराबाईची त्यांच्यावर फार श्रद्धा. जात्यावर दळण घातले की पहिली ओंजळ ती महाराजांच्या नावाने बाजूला ठेवी. त्या दिवशी ते तिच्या दारी येवोत की न येवोत. तिचा नवरा गेणू लोहार, त्याला या गोष्टीचे हसू येई, आणि ते हसू तो घरात ठेवत नसे.

“आमच्यात भाता वढणारीला परमारथ सुचलाय,” तो चारचौघांत म्हणे. “अगं, तुझ्या महाराजांस्नी म्हणावं, नुसती वंजळ काय पुढं करता? एकदा वझं उचलून दावा.”

माणसे हसत. भिवराबाई मान खाली घालून भाता ओढत राही.

गेणू वाईट नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. त्याच्या हातात कसब होते. तरुणपणी एखादा विळा मनासारखा साधला की तो स्वतःशीच हसत बसे, जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नसे. पुढे पंचक्रोशीत नाव झाले, लोक वाखाणू लागले, आणि त्याला विळ्यापेक्षा वाखाणणीची गोडी लागली. आता काम पुरे झाले की तो कामाकडे बघत नसे. कोण बघते आहे, ते आधी बघे.

आता बोदरखेड्याच्या रथाबद्दल सांगायला हवे, कारण सगळे घडले ते त्या रथापायी.

गावात नृसिंहाचा रथ होता. सागवानी, दुमजली, वर घंटा आणि छत्र. वैशाखात भर उन्हात तो देवळातून निघून पेठेत जाई, आणि मध्ये पाणवठ्याचा उतार लागे. पुढची माणसे दोर ओढत, मागची माणसे दोर धरून रथाला आवरत. पण रथ खरा आवरे तो मोगरीने. मोगरी म्हणजे पाचरीसारखा तासलेला बाभळीचा ठोकळा. चालत्या चाकापुढे तो टाकायचा, चाक त्यावर थबकले की काढून घ्यायचा आणि पुन्हा पुढे टाकायचा. टाकणाऱ्याची नजर चाकावरून ढळली तर हात गेला म्हणून समजा. म्हणून बोदरखेड्यात दर मोगरीवाल्यामागे एक पाठीराखा असे. मोगरीवाल्याच्या कमरेला शेला बांधलेला आणि शेल्याचे टोक पाठीराख्याच्या मुठीत. पुढच्याने चाकाकडे बघायचे, मागच्याने त्याच्याकडे. वेळ आली की हिसका देऊन मागे खेचायचे. पुढे गुलाल पडे तो मोगरीवाल्यावर. पाठीराख्याचे नाव कोणी विचारत नसे.

उजव्या अंगाच्या पुढच्या चाकाची मोगरी गेणूची. बापापासून चालत आलेला मान. पाठीराखा म्हणून त्याचा धाकटा भाऊ म्हादू. रथाचे लोखंडकामही दोघे भाऊ मिळून करीत. गेणू सांडशीने लोखंड धरी आणि हातोडीने जागा दाखवी. म्हादू त्या जागेवर घण घाली. एरवी नांगराला, कुऱ्हाडीला भिवराबाईच घण मारी. लोहाराच्या घरी त्यात नवल नव्हते. पण रथाच्या लोखंडाला बाईचा हात लागायचा नाही, असा गावाचा नेम. तो कोणी घातला, कशासाठी घातला, कोणालाच माहीत नव्हते. मोडला तर रथ वाटेत अडतो आणि ज्या बाईमुळे अडला तिला गावात पाणी मिळत नाही, एवढे मात्र सगळ्यांना पाठ होते.

गेल्या वर्षी रथ सुखरूप पोचल्यावर रथाचे मानकरी संभूआप्पा दोघा भावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “गड्यांनो, तुम्ही होता म्हणून.”

त्यावर गेणू भर पेठेत म्हणाला, “म्हादूचं काय कवतिक, आप्पा? घण उचलाया रेडाबी चालतो. नजर माझी हाय.”

लोक हसले. म्हादू हसला नाही. हातातले शेल्याचे टोक त्याने भावाच्या खांद्यावर ठेवले, घरी जाऊन बायको-पोरे घेतली आणि सासुरवाडीच्या गावी निघून गेला. गेणूने त्याला परत बोलावले नाही. येईल झक मारत, असे तो म्हणे.

आणि यंदा नेमक्या रथाच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या धावा झिजल्या. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेला लोखंडी पट्टा. नव्या घडवायच्या म्हणजे घण हवा. म्हादू नाही. दुसऱ्या गावचा लोहार आणायचा तर गेणूचे नाक खाली. एके दिवशी दुपारी त्याने लोहारसाळेचे दार आतून लावून घेतले आणि बायकोला म्हणाला, “उचल घण.”

भिवराबाई जागची हलली नाही. “अवो, ह्ये रथाचं हाय.”

“दार लावलंय न्हवं?”

“दार लावलं म्हंजी देवाला दिसायचं न्हाई व्हय?”

“देवाचं देव बघंल. गावाला दिसलं न्हाई म्हंजी झालं. उचल.”

तिने विस्तवाला हात जोडले आणि घण उचलला.

पण भिवराबाईच्या घणाची एक चाल होती. दोन घाव लागोपाठ, मग पदर खोचण्यापुरते थांबायचे, मग पुन्हा दोन. आणि दर घावाबरोबर पोटातून निघणारा एक ‘हं’. म्हादूचा घण संथ, एकसारखा चाले. दोन्हींतला फरक गावातल्या शेंबड्या पोरालाही कळे. दाराने नजर अडते. आवाज कुठे अडतो? शेजारची तुळसाकाकू गोवऱ्या थापता थापता थबकली, कान दिला, आणि मग अशा काही जोराने थापू लागली की गोवरीचा पापड व्हावा. संभूआप्पांचे घर तर लोहारसाळेला भिंतीला भिंत लावून. ते पोथी वाचत होते. त्यांनी मान वर केली, भिंतीकडे पाहिले, आणि पोथी मोठ्याने वाचू लागले.

कोणी काही बोलले नाही. बोलावे तर नेम मोडला म्हणावे लागणार. नेम मोडला म्हटले तर धावा टाकून द्याव्या लागणार. आणि धावा टाकून दिल्या तर रथ निघणार कशावर? सगळ्या गावाने मिळून ऐकले, आणि सगळ्या गावाने मिळून ऐकलेच नाही.

तर धावा झाल्या. गावच्या गड्यांनी गोवऱ्यांच्या आरात त्या लाल करून चाकांवर चढवल्या, वर पाणी ओतले. लोखंड आकसले आणि चाकाला घट्ट बसले. ज्या दिवशी भात्यामागून ते पुटपुटणे ऐकू आले, तो याच्या दुसऱ्या दिवशीचा प्रसंग.

महाराज म्हणाले, “नुसता वाऱ्याचा राग नाही हा, बाई. खरं काय ते सांग.”

भिवराबाई उंबऱ्यावर टेकली. गेणू नदीवर गेला होता, तरी तिने एकदा रस्त्याकडे पाहून घेतले.

“काल धावा बसल्या, महाराज. पोर आईला बिलगावं तशा चाकाला बिलगल्या. माणसं म्हणाली, गेणूसारखा गेणूच. म्या माळवदावरनं बघत हुते.”

“तुझं नाव घ्यावं, असं वाटलं?”

“वाटलं की. म्या काय दगूड हाय?” ती थोडी थांबली. “पर खरं सांगू? घण नेमका जागंवर बसतो ना, लोखंड ऐकाया लागतं, तवा कुणी म्हणू दे न्हाईतर नको म्हणू दे. आतनं गार वाटतं. एवढ्या विस्तवाम्होरं गार. मागनं राख भराया बसले की मग पुन्ना वाटतंच, आपलंबी कुणी नाव घ्यावं.”

“राख भरताना वाटतं ते तुझं आहे. घावाबरोबर वाटतं ते देवाचं आहे,” महाराज म्हणाले. “दोन्ही असू दे. एकासाठी दुसरं टाकू नको.”

“त्याचं नाव घ्याया मला सवड कुठं असती? तोंडातनं नुसता ‘हं’ निघतो.”

“तेवढा मला पुरतो. इथं बसून रोज तोच ऐकतो. कुठंही असलो तरी ऐकीन.”

भिवराबाईने डोळ्यांना पदर लावला. मग हळूच म्हणाली, “मला भ्या वाटतं, महाराज. रथाला काई झालं तर गाव मला जगू द्यायचं न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. पर मोगरी ह्यांच्या हातात, आन औंदा मागं कुणी न्हाई. दुसरा पाठीराखा घ्या म्हणलं, तर अंगावर येत्यात.”

तेवढ्यात ओले धोतर खांद्यावर टाकून गेणू आला. बायको महाराजांशी बोलताना दिसली की त्याच्या भुवया आपोआप वर जात.

“काय, कीर्तन लावलंय जणू?”

महाराज म्हणाले, “ये गेणू. धावा फार चांगल्या झाल्या, असं लोक म्हणतात. कोणी केल्या?”

भिवराबाईने पायाचा अंगठा जमिनीत रुतवला. गेणूने तिच्याकडे पाहिले नाही.

“म्या,” तो म्हणाला. “एकट्यानं.”

“आणि उतारावर तुझ्या मागं कोण?”

“ज्यानं एकट्यानं धावा केल्या, त्याला मागं कुणी कशाला लागतंय?” मग त्याला आपली जुनी थट्टा आठवली. “लईच काळजी वाटत आसंल तर तुमीच या की म्होरं. वंजळीत झेला रथ.”

महाराज रागावले नाहीत. ओंजळ पुढे करून त्यांनी ती जणू मापून पाहिली. मग म्हणाले, “गर्दीत मला काही सुचत नाही. तुम्ही सगळे पुढे जा. कोणीतरी मागं राहायला हवं. मी इथंच राहीन, भात्याजवळ.”

रथाचा दिवस उजाडला. ऊन असे की घंटेला हात लावला तर पोळावा. रस्त्यावर गडी माणसे. बायका दोन्ही कडांना, घरांच्या जोत्यांवर. भिवराबाई उताराच्या मध्यावर, तुळसाकाकूच्या शेजारी उभी होती. उतार जिथे संपतो तिथे पेठेच्या तोंडाशी म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या सावली धरून बसल्या होत्या.

रथ उताराच्या माथ्यावर थांबला. संभूआप्पांनी एकेका चाकापाशी जाऊन पाहिले. डावीकडच्या मोगरीवाल्याचा पाठीराखा शेल्याचे टोक मुठीला गुंडाळून तयार होता. आप्पा उजवीकडे आले. गेणूने नवा कोरा शेला कमरेला गाठ मारून बांधला होता आणि त्याचे लांब टोक स्वतःच्याच खांद्यावर टाकले होते.

“गेणू, मागं कोण?”

“कुणी न्हाई.”

आप्पांना काहीतरी म्हणायचे होते. पण मग म्हादूचा विषय निघाला असता, म्हादू नव्हता तर घण कोणाचा होता हा विषय निघाला असता. आप्पांनी घसा खाकरला आणि शिंग वाजवायला सांगितले.

निम्मा उतार नीट उतरला. मोगरी पडायची, चाक कण्हायचे, थबकायचे, मोगरी निघायची. गेणूचा हात जणू चाकाशी खेळत होता. लोक वाहवा करीत होते. भिवराबाई मात्र वाहवा ऐकत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरचे टोक बघत होती. वाकताना ते घसरे, तो झटक्याने वर टाकी. पुन्हा वाके, पुन्हा घसरे.

“ते खोचा की,” ती पुटपुटली. “अवो, खोचा.”

तेवढ्यात मागच्या दोराची गाठ सुटली.

दोर धरणारे एकावर एक मागे पडले. रथ क्षणभर जागच्या जागी डुलला आणि मग त्याने स्वतःच उतार धरला. पुढच्यांनी दोर टाकले आणि वाट फुटेल तिकडे पळाले. डावीकडे मोगरी पडली ती उडाली; पाठीराख्याने हिसका दिला आणि त्याचा माणूस धुळीत लोळत बाजूला झाला. उजवीकडे गेणूने मोगरी टाकली. चाक तिच्यावर चढले आणि बाभळीचा तो ठोकळा मधोमध उलला. त्याने दुसरी मोगरी घ्यायला वाकून हात लांबवला. शेल्याचे टोक खांद्यावरून सुटले, जमिनीवर लोळले आणि धावेखाली गेले.

गेणू उडी मारायला उठला आणि कमरेतून मागे ओढला गेला. तो पाठीवर पडला. चाक त्याच्याकडे येत होते. खाली पेठेच्या तोंडाशी बायकांचा कल्लोळ उठला. त्यांना उठायलाही वेळ नव्हता.

भिवराबाई जोत्यावरून केव्हा उतरली, हे तुळसाकाकूला शेवटपर्यंत सांगता आले नाही. एवढेच दिसले की ती चाकापाशी आहे. नेम, विटाळ, गाव, यांतले काही तिच्या मनात आले नाही. पुढे येणारे लोखंड तिने स्वतः घडवलेले होते, आणि त्याच्यापुढे तिचा धनी पडला होता. तिने दोन्ही तळवे धावेला लावले, खांदा आऱ्याला लावला आणि घण उचलताना निघे तसाच पोटातून आवाज निघाला.

“हं.”

रथ थांबला.

वरची घंटा हेलकावत वाजत राहिली. छत्र पुढे कलले ते तसेच कललेले राहिले. अख्खा रथ उतारावर उभा होता आणि चाकाखाली मोगरी नव्हती, दगड नव्हता, काही नव्हते. धावेची कड गेणूच्या बरगडीला टेकली होती. लोखंडाची धग त्याला बंडीतून लागत होती.

“गाठ सोडा,” भिवराबाई म्हणाली.

त्याची बोटे गाठीवरून नुसती निसटत होती.

“अवो, गाठ सोडा म्हणते न्हवं.” तिने एक हात चाकावरून काढला, वाकून गाठीत बोटे घातली आणि दातांनी ओढून ती सोडवली. गेणू सरपटत बाहेर आला. तेव्हा कुठे माणसे भानावर आली आणि धावत मोगऱ्या घेऊन आली. चारही चाकांना मोगऱ्या लागल्या. मग रथाने कण्हल्यासारखा आवाज केला, बोटभर पुढे सरकला आणि मोगऱ्यांवर टेकला. इतका वेळ तो कशावर उभा होता, हे विचारायचे धाडस कोणाला झाले नाही.

भिवराबाईने चाकावरचा हात काढला. सगळे तिच्या हातांकडे बघत होते. ती पण बघू लागली.

आणि मग आप्पांच्या तोंडून निघाले, “बाई रथाला शिवली.”

“शिवली नसती तर आत्ता गेणूला खांद्यावर घिऊन चालला असता,” तुळसाकाकू जोत्यावरून म्हणाली.

“ते खरं. पण नेम तो नेम. आता रथ पुढं कसा न्यायचा?” गर्दीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, म्हणूनच दोर सुटला. कोणी म्हणाले, बाई शिवली ती दोर सुटल्यावर. पहिला म्हणाला, मग आधी शिवली असेल. हे म्हणून तो स्वतःच घाबरून गप्प झाला. सगळेच गप्प झाले. त्या गप्पपणात भिवराबाईने नवऱ्याकडे पाहिले. गेणूच्या ओठांवर शब्द आला होता. तो तिथवर आला आणि परत गेला.

“महाराजांना विचारू,” आप्पा म्हणाले. “ते सांगतील ते खरं. गावाबाहेर काढायचं म्हणाले तर गावाबाहेर.”

रथ तसाच उतारावर ठेवून मंडळी लोहारसाळेकडे निघाली. भिवराबाई मधोमध चालत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. कोणी तिच्या अंगाला अंग लागू देत नव्हते. गेणू सगळ्यांच्या मागे.

महाराज ओट्यावर पालथे पडले होते. त्या उन्हात घोंगडी पाठीवर ओढून घेतली होती.

“आलात?” ते मान न वळवता म्हणाले. “रथ पोचला?”

आप्पा हात जोडून झाला प्रकार सांगू लागले. भिवराबाईचे त्यांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हते. घोंगडी महाराजांच्या पाठीला चिकटली होती, आणि चिकटली होती तिथे ओली होती.

“महाराज, ही वली कशानं?”

“असू दे.”

तिने ऐकले नाही. हलक्या हाताने घोंगडी उचलली.

महाराजांच्या उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक पट्टा उमटला होता. काळानिळा, मध्ये रक्त साकळलेला, धावेएवढा रुंद. धावेच्या सांध्यावर घणाचे जे वण असतात, तेही त्यात जसेच्या तसे उठले होते. दोन जवळजवळ, मग मोकळी जागा. पुन्हा दोन, पुन्हा मोकळी जागा.

रथ कशावर उभा होता, ते आता विचारायची गरज नव्हती. तुळसाकाकूने ओट्याचा खांब धरला. “वझं उचलून दावा,” असे कोण म्हणाले होते, ते ज्याचे त्याला आठवले. गर्दी बाजूला सारत गेणू पुढे आला आणि ओट्यापाशी कोसळला. महाराजांनी पाय आखडून घेतले.

“पाय राहू दे रे. पाठीची आग होते आहे. कोणी वारा घाला.”

भिवराबाई सवयीने पंखा घ्यायला वळली. पण तो गेणूने आधीच उचलला होता. सगळ्या हयातीत कोणाला वारा न घातलेला तो हात वेडावाकडा पंखा हलवू लागला.

पण मानकऱ्याला प्रश्न टाळता येत नाही. आप्पा म्हणाले, “महाराज, तुम्ही आम्हाला वाचवलंत. पण रथाला बाईचा हात लागला, त्याचं काय करायचं?”

“केव्हा लागला?”

“आत्ताच. उतारावर.”

महाराजांनी सावकाश मान वळवली. “आप्पा, तुमच्या आणि या लोहारसाळेच्या मध्ये एकच भिंत ना? त्या दिवशी दुपारी तुम्ही पोथी फार मोठ्यानं वाचत होता.”

आप्पांनी खाली पाहिले. तुळसाकाकूने खाली पाहिले. जो तो आपापल्या पायांकडे पाहू लागला. इतक्या माणसांत फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मग तोही थांबला.

गेणूने पंखा बायकोच्या हातात दिला. डोक्याचे पागोटे काढले. भिंतीला घण टेकलेला होता, त्याच्या दांड्याला भिवराबाईच्या तळव्यांचा काळपट गुळगुळीतपणा आला होता. त्याने पागोटे घणाच्या पायाशी ठेवले, गुडघे टेकले आणि दांड्यावर कपाळ ठेवले. तिथून डोके न उचलता तो बोलला. पण सगळ्यांना ऐकू गेले.

“आत्ता न्हाई, आप्पा. रथाला हात मागंच लागलाय. दोन्ही धावांवर घण हिचा हाय, म्या नुसतं लोखंड धरलं हुतं. आन ह्ये समद्या गावाला ठावं हाय.”